तेरेकचे दोन काठ: कोसॅक कोण आणि डोंगरी मुसलमान कोण?

रशियाच्या दक्षिण टोकाच्या डोंगराळ उत्तर कॉकेशसमधला एखादा जुना फोटो इंटरनेटवर दिसला की खाली पुष्कळदा ‘कोसॅक योद्धा’ असं लिहिलेलं असतं. कमरेला घट्ट बसणारा लांब अंगरखा, छातीवर दोन्ही बाजूंना काडतुसांच्या नळ्यांची रांग, डोक्यावर मेंढीच्या कातड्याची उंच टोपी, पट्ट्यात आडवा खोचलेला खंजीर. अनेकदा तो माणूस कोसॅक नसतोच. तो चेर्केस, चेचन किंवा दागेस्तानचा अवार, म्हणजे डोंगरातला मुसलमान असतो. म्हणजे रशियाच्या झारची लष्करी चाकरी करणारे कोसॅक ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या लढले, त्यांच्यापैकीच एक. ही चूक मला फार खुपते. हरलेल्याचा चेहरा जिंकणाऱ्याच्या नावावर जमा होतो.

चूक का होते ते उघड आहे. तो पोशाख मुळात डोंगरातल्या लोकांचा. त्याचं रशियन नावच ‘चेर्केस्का’, म्हणजे चेर्केसांचा अंगरखा. ‘शाश्का’ या तलवारीचं नावही चेर्केस भाषेतल्या ‘लांब सुरी’वरून आलं. तेरेक आणि कुबान या नद्यांकाठच्या कोसॅकांनी हे सगळं शेजाऱ्यांकडून उचललं, कारण त्या मुलखात तेच सोयीचं होतं. पुढे तोच त्यांचा अधिकृत गणवेश झाला. तेव्हा कपड्यांवरून ओळखायला जाल तर फसाल.

नावांवरून? ‘कोसॅक’ हा शब्द तुर्की भाषाकुळातला. अर्थ, कुणाच्या ताब्यात नसलेला मोकळा माणूस. (कझाखस्तानच्या कझाखांचं नावही याच शब्दातून आलं, पण ते लोक वेगळे.) आणि चेचन भाषेत दारी आलेल्याचं स्वागत करतात त्याचा शब्दशः अर्थ ‘मोकळा ये’ असा होतो. त्यातल्या ‘मार्शो’ या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. म्हणजे दोघंही स्वतःला स्वतंत्रच म्हणवत. ते स्वातंत्र्य कुणी दिलं आणि कशाच्या बदल्यात, हे विचारलं की मात्र वाटा वेगळ्या होतात.

कोसॅकाचं गाव म्हणजे स्तानित्सा. गावाची सभा ‘क्रूग’, प्रमुख ‘अतामान’. सुरुवातीला अतामान गावकरी निवडत. ग्रेबेन्स्की कोसॅक, म्हणजे तेरेककाठच्या कोसॅकांची जुनी शाखा, सोळाव्या शतकापासून तेरेकच्या परिसरात होते आणि त्यांच्यातले बरेच जण रशियन चर्चच्या सुधारणा नाकारणारे, जुन्या रीतीचे ख्रिस्ती होते. पण झारची पकड आवळत गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना नदीच्या डाव्या काठावर आणून बसवलं, तिथे किल्ल्यांची आणि स्तानित्सांची साखळी उभी राहिली, वरचे अतामान सरकार नेमू लागलं. १८२७ पासून तर सगळ्या कोसॅक दलांचा अतामान म्हणजे गादीचा वारसच. १८६० मध्ये ‘तेरेक कोसॅक दल’ या नावाने वेगळं दल झालं. व्यवहार असा की जमीन सरकारची, चाकरी कोसॅकाची. घोडा आणि पोशाख आपल्या शिलेदारासारखा स्वतःचा. धर्म इथे शेवटचा निकष नव्हता. दूरच्या उरल दलात मुसलमान तातारही कोसॅक म्हणून नोंदलेले होते. कोसॅक असणं म्हणजे एका लष्करी वर्गात जन्मणं.

पलीकडे डोंगरात गोष्ट जास्त गुंतागुंतीची, आणि मला जास्त ओढ लावणारी. गाव म्हणजे औल. सगळे डोंगरी लोक एकसारखे नव्हते: काबार्दात, म्हणजे चेर्केसांच्याच एका मुलखात, राजे-सरदार होते, चेचनांमध्ये सरदारशाहीच नव्हती, तिथे ‘तेयप’ म्हणजे कुळ मोठं. तंटे सुटत ते ‘अदात’ने, पूर्वजांच्या रिवाजाने. खुनाचा बदला हा त्याचाच भाग, आणि ज्येष्ठांनी मध्ये पडून समेट घडवणं हाही त्याचाच. याच्या जोडीला शरियत होती, आणि या दोहोंत कायम ओढाताण होती. बाहेरच्यांना दोन्ही एकच वाटतात. रशियाविरुद्ध लढणाऱ्या इमाम शामिलची निम्मी लढाई मात्र अदातशीच होती.

शामिल १८३४ ते १८५९ इमाम होता. नक्शबंदी सूफी पंथाच्या शिस्तीवर त्याने दागेस्तान आणि चेचन्यात राज्य उभं केलं: प्रत्येक भागावर नाईब म्हणजे त्याचा प्रतिनिधी, सामाईक खजिना, आणि दर १० घरांमागे एक कायमचा स्वार, त्याचा खर्च उरलेल्या घरांनी उचलायचा. दारू-तंबाखूला बंदी, खुनाच्या बदल्याला लगाम. १८५९ मध्ये दागेस्तानातल्या गुनिबला तो रशियनांना शरण आला. गंमत नव्हे, दुर्दैव असं की नंतर रशियन अधिकारी त्याच अदातला उचलून धरू लागले, शरियतचं वजन कमी व्हावं म्हणून.

तरी नदी ही भिंत नव्हती. ‘कुनाक’ म्हणजे काठापलीकडचा सख्खा मित्र. त्याच्या घरात तुमच्या जिवाला धोका नाही. चेचनांच्या गुनोय तेयपची नाती स्तानित्सांतल्या घराण्यांशी जोडून सांगतात. लेझगिंका हा नाच दोन्हीकडचा. फरक जेवणाच्या चौरंगावर दिसे: कोसॅकांच्या द्राक्षबागा होत्या, घरची ‘चिखिर’ दारू होती, आणि ती शामिलच्या मुलखात गुन्हा होती.

विसाव्या शतकात दोघांनाही एकाच, सोव्हिएत राजवटीने उपटलं. १९२० मध्ये सुंझा नदीकाठच्या अनेक स्तानित्सांमधून कोसॅक कुटुंबांना हाकललं आणि ती जमीन चेचन आणि त्यांचे शेजारी-भाऊबंद इंगुश यांना दिली. २३ फेब्रुवारी १९४४ ला त्याच चेचन-इंगुशांना, सुमारे ५ लाख माणसांना, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियाकडे पाठवायला सुरुवात झाली. १९५७ मध्ये त्यांना परतायची मुभा मिळाली, तेव्हा तेरेकच्या डाव्या काठावरचे नाउर आणि शेल्कोव्स्काया हे जुने कोसॅक भाग त्यांच्या प्रजासत्ताकाला जोडले गेले. ग्रेबेन्स्की कोसॅकांची नावाजलेली चेर्व्ल्योनाया स्तानित्सा आता चेचन्यात आहे, आणि तिथे राहतात ते बहुतांशी चेचन.