मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर फक्त नकाशे रंगवते, हा समज चुकीचा

क्यूजीआयएस, ग्रास ही भौगोलिक माहिती हाताळणारी मुक्त-स्रोत (मोफत व खुली) सॉफ्टवेअरे नकाशे रंगवण्यापुरतीच असून उपग्रहचित्रांचे सांख्यिकीय विश्लेषण महागड्या परवान्याशिवाय विश्वासार्ह होत नाही, असा समज मराठवाड्यातही वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो निराधार आहे. ग्रासचा विकास 1982 मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत सुरू झाला. वर्गीकरण, मुख्य घटक विश्लेषण (अनेक पट्ट्यांतील माहिती मोजक्या घटकांत आणणे), पोताचे मापन हे सारे त्यात आहे. अक्षांश-रेखांश नसलेले चित्र, उदाहरणार्थ काळ्या मातीचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्रही, त्यात मोजता येते.

या समजाला बळ मिळते ते उत्तरे जुळत नाहीत तेव्हा. परभणीजवळच्या एखाद्या सोयाबीनच्या शेताचा एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक), म्हणजे निकट-अवरक्त आणि लाल प्रकाशपट्ट्यांच्या मूल्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सारखाच यायला हवा. मात्र सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांच्या जानेवारी 2022 पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक पट्ट्याच्या मूल्यात 1000 मिळवलेले असतात आणि ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटते, हे मला फार चिंतेचे वाटते. लाल पट्ट्याचे मूल्य 500 आणि निकट-अवरक्ताचे 3500 असेल, तर निर्देशांक 0.75 येतो, तेच 1500 आणि 4500 धरले, तर 0.50. पीक तेच असूनही ते खालावल्याचा निष्कर्ष निघतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी जातो. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (चित्रातील प्रत्येक बिंदूच्या मूल्यावर गणित करणाऱ्या साधनात) आधी 1000 वजा करावेत. मात्र काही संकेतस्थळे ही वजाबाकी करूनच चित्र देतात, म्हणून सोबतची माहिती-फाईल तपासावी.