अंश दवाखान्यात, छेद गावात

नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर रुग्णालय असतं. पांढरे पलंग, सलाइनचे स्टँड, आयसीयूतला मॉनिटर. त्यामुळे कम्युनिटी पोस्टिंगचं, म्हणजे गावात जाऊन करायच्या कामाचं, वेळापत्रक लागलं की वर्गात कुरकुर सुरू होते. उन्हातली पायपीट, हातात रजिस्टर आणि घरोघरी तेच प्रश्न : माणसं किती, गरोदर कोणी आहे का, पाणी कुठून आणता, संडास आहे का. यात नर्सिंग कुठे आलं, असं त्यांना वाटतं. त्याचं उत्तर द्यायला शाळेतलं गणित पुरतं.

रुग्णालयातली नर्स आलेल्या माणसाची सेवा करते. जो आलाच नाही, त्याचं नाव तिच्या कुठल्याही केसपेपरवर नसतं. उपकेंद्रात, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात, आज २० बाळांना लस दिली, हा झाला अंश. त्या वयाची बाळं या गावांत एकूण किती, हा छेद. २० पैकी २० झाली की ४० पैकी २०, हे उपकेंद्राच्या खोलीत बसून कळायचं नाही. प्राथमिक आरोग्य सेवेचं काम या छेदापासून सुरू होतं. ते घरोघरचे प्रश्न म्हणजे छेद मोजण्याची रीत आहे.

एक हिशेब करून पाहू. मैदानी भागात एका उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकसंख्या असावी आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,०००, असा निकष आहे. जन्मदर हजारी १६ धरला तर ५,००० लोकांत वर्षाला ८० जन्म होतील. काही गर्भ पडतात, काही बाळं मृत जन्मतात, म्हणून त्यात दहा टक्के मिळवायचे. झाल्या ८८ गरोदर स्त्रिया. बाराव्या आठवड्याच्या आत नोंद झाली तर प्रत्येकीचं नाव पुढे सहा-साडेसहा महिने यादीवर राहतं. म्हणजे कुठल्याही दिवशी रजिस्टर उघडलं तर ८८ च्या निम्म्या, ४४ च्या आसपास नोंदी दिसायला हव्यात. आरोग्यसेविका हा हिशेब बोटांवर करते.

आता समजा रजिस्टरात ३१ च नावं आहेत. मग उरलेल्या तेरा जणी कुठे आहेत? एखादी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली असेल. एखादी तालुक्याच्या खाजगी डॉक्टरकडे जात असेल. कुणाला तीन महिने होईपर्यंत बोलायचं नसेल. एखाद्या घरात सून अठरा वर्षांचीही नसेल, म्हणून घरचे लपवत असतील. कुणी वीटभट्टीवरच्या झोपडीत असेल, जिचं घर या गावच्या यादीतच नाही. यातल्या शेवटच्या दोघींनाच तपासणीची सगळ्यांत जास्त गरज आहे, आणि त्या आपणहून येण्याची शक्यता सगळ्यांत कमी. ज्याची गरज जास्त त्याच्यापर्यंत आधी पोचायचं : परीक्षेत विद्यार्थी ज्याला ‘समन्याय’ असं नाव देऊन गुण मिळवतात, तो हाच.

ही दृष्टी एका दिवसात आलेली नाही. आपल्याकडे सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात गावापर्यंत जाणाऱ्या, प्रतिबंधावर भर देणाऱ्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला होता. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये आजच्या कझाकस्तानातल्या अल्मा-आता शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ असा संकल्प झाला. त्या जाहीरनाम्यात औषधोपचार आहेतच, पण त्यांच्याबरोबरीने पोषण, पिण्याचं पाणी, स्वच्छता, लसीकरण आणि आरोग्यशिक्षण आहे. संकल्पाचं वर्ष उलटून गेलं, काम बाकीच आहे. तो जाहीरनामा निघण्याच्या आधीच मात्र महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात हे सगळं करून पाहिलं जात होतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत असल्याची नोंद आहे. गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवायची, ही त्यांची सुरुवातीची कल्पना. ती रुजली नाही. परक्या गावात एकटी राहणारी, वेगळ्या बोलीची, वेगळ्या राहणीची तरुण मुलगी गावाला आपली वाटेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची आणि जामखेडने तिला शिकवायचं, असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बायांत कितीतरी निरक्षर होत्या, दलित कुटुंबांतल्या होत्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, बाळांची वजनं घेऊ लागल्या, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखू लागल्या. दवाखान्याचं पथक ठरल्या दिवशी गावात येई, त्यात नर्स असे, आणि ती या बायांच्या अडलेल्या कामाला हात देई.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण त्यांना ती आधी टोचते. शिकलेल्या नर्सला जे जमलं नाही ते अडाणी बाईला कसं जमलं? तर त्या बाईला गावाचा छेद तोंडपाठ होता. कुणाची सून कितव्या महिन्याची, कुणाच्या घरी चूल पेटत नाही, कोण नवऱ्याच्या माराला भिऊन बोलत नाही, हे तिला विचारावं लागत नव्हतं. नर्सचं ज्ञान आणि तिचं ज्ञान एकत्र आलं तेव्हा काम पुढे सरकलं. पंचवीसेक वर्षांत तिथला बालमृत्युदर हजारी तीसच्या खाली आला. त्यात औषधांचा वाटा होता, आणि विंधन विहिरींचाही मोठा वाटा होता. दुष्काळात लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्न ही होती, गोळ्यांची नव्हती. आरोळे दांपत्याने ती मानली, आणि विहिरी दलित वस्त्यांमध्ये खणल्या जातील असं पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथे यावं लागेल. आरोग्य खात्याने पाणीपुरवठ्याशी, शेतीशी, शाळेशी हात मिळवायचा असतो, हे वर्गात कितीही घोकलं तरी पटत नाही. जामखेड ऐकल्यावर पटतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने याच वाटेवर आणखी एक अवघड प्रश्न घेतला : नवजात बाळ आजारी पडलं आणि रुग्णालय लांब असलं तर? त्यांनी आधी गावोगावचे जन्म आणि मृत्यू काटेकोर मोजले. मग ३९ गावांतल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, पुढचा महिनाभर ठरल्या दिवशी घरी जाऊन बाळाला तपासत, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर तोंडावाटे औषध आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. नवजात मृत्यूंचं हजारी ६२ हे प्रमाण तिसऱ्या वर्षी २५.५ वर आलं. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्या गृहभेटींचं मूळ या कामात आहे.

यातलं एक कौशल्य विद्यार्थ्यांनी पहिल्या आठवड्यात शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते म्हणजे बाळाचे श्वास मोजणं. स्टेथोस्कोप लागत नाही, एक्स-रे लागत नाही. न्यूमोनियात फुप्फुसाच्या सूक्ष्म पिशव्यांत द्रव भरतो, फुप्फुस ताठर होतं, एका श्वासात पुरेशी हवा आत जात नाही. मग बाळ उथळ पण भराभर श्वास घेऊन ती तूट भरून काढतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.

मोजायचे ते पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय वॉर्डात लागते, ती इथे मोडावी लागते. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. ते दहा-बारा श्वास झरझर घेतं, मग काही सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू. नेमके झरझर श्वासांचे पंधरा सेकंद सापडले तर निरोगी बाळ आजारी ठरेल. थांबण्याचे सापडले तर आजारी बाळ निसटेल. म्हणून बाळ शांत असताना अंगावरचं कापड वर करायचं, नजर पोटावर ठेवायची आणि घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत मोजायचं. आकडा ६० किंवा वर आला तर पुन्हा एकदा. बाळ रडत असेल किंवा पीत असेल तर थांबायचं. आई तोवर बोलत असते, आणि त्या बोलण्यातून बाळ कालपासून अंगावर ओढत नाही, हेही कळून जातं.

ज्यांना साठपर्यंत आकडे येत नव्हते त्या सुईणींसाठी गडचिरोलीत एक साधं उपकरण बनवलं गेलं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, एक मोठ्या मुलांसाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. योग्य तंत्रज्ञान म्हणतात ते असं असतं. निदानाची अचूकता सांभाळून ते काम बाळाच्या सगळ्यांत जवळ असलेल्या हातात दिलं.

लसीच्या बाटलीवरचं लेबलही असंच पाहण्याजोगं आहे. वर्तुळात एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो, आणि पुन्हा थंड केलं तरी फिकट होत नाही. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला की बाटली बाद. वीज किती तास गेली होती, डबा किती वेळ उन्हात राहिला, हे सगळं त्या चौकोनात साठलेलं असतं. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, आणि नवी मुलं तिथेच फसतात : लस गोठली होती का. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात आणि घटसर्पावरची) यांसारख्या लसी गोठल्या की त्यांतल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि लसीचा गुण जातो. म्हणून फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक थेट डब्यात भरायचे नाहीत. बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच भरायचे. घाईच्या सकाळी एवढी वाट न पाहण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण गोठलेली लस टोचलेलं बाळ अंशात मोजलं जातं आणि संरक्षण मात्र त्याला मिळालेलं नसतं.

गृहभेटीच्या बॅगेचे नियमही विद्यार्थ्यांना कवायत वाटतात. वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवायची, आधी साबण काढून हात धुवायचे, मगच आतलं सामान. त्या दिवशीच्या घरांचा क्रमसुद्धा ठरलेला : बाळंतीण आणि तान्हं बाळ आधी, चिघळलेल्या जखमेचा किंवा क्षयाचा रुग्ण शेवटी. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात नेणारी नर्स हीच साथीचं वाहन होऊ शकते, हे एकदा लक्षात आलं की हे नियम आपोआप पाळले जातात.

आणि तरीही माणसं निसटतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं उदाहरण घ्या. सप्टेंबरच्या शेवटी बाळ जन्मलं. लसीच्या मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले. गावच्या रजिस्टरात बाळापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि ते छेदातून वजा होतं. कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या यादीत ते कधी नव्हतंच. दोन्हीकडची टक्केवारी चांगली दिसते आणि बाळाला मात्र एकही मात्रा मिळालेली नसते. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, तळावर जाऊन डोकी मोजणं, आईजवळचं माता-बाल संरक्षण कार्ड पाहणं, आणि कार्ड नसेल तर नवं करून देणं, हे काम कुणी आठवण केल्याशिवाय होत नाही. फडात पहाटे गेलेली आई दुपारी भेटत नाही, म्हणून लसीकरणाची वेळही तिच्या वेळेवर बेतावी लागते.

२०१८ पासून उपकेंद्रांचं रूप पालटतंय. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात, त्यांत नर्सिंगचे पदवीधर आणि सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले बरेच आहेत. आज वर्गात कुरकुरणाऱ्यांपैकी काही जण उद्या त्या खुर्चीवर बसतील. आता त्यांच्यापुढे तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचं काम आहे. लोकसंख्येच्या सुमारे ३७ टक्के लोक तिशीवरचे धरले जातात. म्हणजे ५,००० च्या उपकेंद्रात छेद सुमारे १,८५० चा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात येतात त्या बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. पस्तीस-चाळीस वर्षांचे पुरुष त्या वेळी शेतात, एमआयडीसीत किंवा रिक्षावर असतात. उच्च रक्तदाब दुखत नसल्यामुळे ते आपणहून येणारही नाहीत. त्यांना गाठायचं तर बीपीचं यंत्र घेऊन संध्याकाळी सातला दूध संकलन केंद्रावर बसावं लागतं.