युफोनियम, ट्युबा, सुझाफोनवाल्यांसाठी: व्हॉल्व्हची काळजी आणि पावसाळ्यात वाद्य कसं ठेवायचं

नमस्कार मंडळी,

युफोनियम, ट्युबा, सुझाफोन म्हणजे बँडमधली मोठी, खर्जाची पितळी वाद्यं. लग्नसराई संपत आली की आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ही घेऊन दोन प्रकारची माणसं येतात. एक ज्येष्ठातच वाद्य आणून टाकतात, साफ करून घेतात, घरी नेऊन नीट ठेवतात. दुसरी गणपतीच्या आठ दिवस आधी धापा टाकत येतात, "शेठ, दोन नंबरचं बटण खालीच जाईना, परवा आगमनाची मिरवणूक आहे, काहीतरी करा." दुसरीच जास्त, म्हणून हा कागद छापलाय. घडी करून केसमध्ये ठेवा, फेकू नका.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. सीझनमध्ये व्हॉल्व्ह (बटण दाबून सूर बदलायची कळ) सहसा मरत नाही. रोज वाजतो, रोज हलतो, रोज दोन थेंब तेल मिळतं. तो मरतो शेवटच्या लग्नाच्या रात्री ओला तसाच पोत्यात घातला आणि दोन महिने कोणी ढुंकून बघितलं नाही की. ट्रम्पेटवाला त्यातूनही कसाबसा सुटतो, पण बासवाल्यांचं पिस्टन (व्हॉल्व्हमध्ये बटणाबरोबर खालीवर होतं ते) मोठं, जड, आणि पाणी भरपूर. युफोनियमची नळी सरळ केली तर जवळपास ९ फूट, मोठ्या बी-फ्लॅट ट्युबाची १८ फूट, त्यात तुम्ही तीन-चार तास फुंकणार, एवढी सगळी वाफ आत गार होऊन पाणी होणार आणि ते उतरत उतरत व्हॉल्व्हच्या खालच्या टोप्यांमध्ये जाऊन बसणार. वॉटर-की (पाणी सोडायची कळ) दाबून तुम्ही काढता ते अर्धंच असतं.

आत काय चाललेलं असतं

पिस्टन आणि केसिंग (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडं) यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो, तोच हवा अडवतो आणि तोच पिस्टन सरकवतो. बटण दाबलं की पिस्टनची भोकं जास्तीच्या नळीसमोर येतात, दोन नंबरला अर्धा स्वर उतरतो, एकला पूर्ण, तीनला दीड, चौथा असेल तर अडीच. हे सगळं तुम्हाला बोटांनी माहीतच आहे. पण त्या फटीत काय काय जातं ते बघा: गुलाल, भंडारा, रस्त्याची धूळ, आणि मधल्या सुट्टीत प्यालेला उसाचा रस. व्हॉल्व्हचं पहिलं पेटंट १८१८ साली बर्लिनला झालं, आपण वापरतो तसा पिस्टन पॅरिसच्या पेरिने नावाच्या कारागिराने १८३० च्या दशकात काढला. तिकडच्या थंड हवेत जमलेली ही वस्तू आपण विसर्जनाच्या गुलालात बारा-बारा तास वाजवतो, तेव्हा तिने थोडी कुरकुर केली तर चुकलं काय तिचं.

गुलाल वरच्या टोपीतून जातो, बटणाची दांडी जिथून खालीवर होते तिथून. तेलात मिसळला की त्याची पेस्ट होते, आणि ती पेस्ट पॉलिश पेपरसारखं काम करते, म्हणजे दर दाबण्याला थोडंथोडं घासत राहते. मिरवणूक संपली की त्याच रात्री पिस्टन पुसायचा, सकाळी बघू म्हणायचं नाही. थकलेलं असता हे कळतं आम्हाला, पण पाच मिनिटांचं काम आहे.

तेल: इथेच सगळ्यात जास्त गोंधळ

व्हॉल्व्ह ऑइल म्हणून जे मिळतं तेच वापरा. वाद्य नवीन आणि घट्ट असेल तर पातळ, जुनं आणि झिजलेलं असेल तर जरा जाड, कारण मोठी फट पातळ तेल धरून ठेवत नाही.

आता काय नको. शिलाई मशीनचं तेल नको, ते जाड पडतं आणि नंतर चिकट होतं. रॉकेल नको, पहिल्या गाण्याला पिस्टन लोण्यासारखा चालतो आणि तिसऱ्या गाण्याला कोरडा ठणठणीत, शिवाय तो वास तुम्ही श्वासातून ओढताय. थुंकी तर अजिबात नको, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय म्हणून बरोबर होत नाही.

आणि खोबरेल तेल. हे वेगळं सांगावं लागतं कारण ते प्रत्येकाच्या घरात असतं. एकदा डिसेंबरात सकाळी सातला एक युफोनियमवाले मास्तर आले, पहाटेच्या वरातीला तिन्ही पिस्टन जाम, बिचाऱ्यांनी अख्खी वरात एकाच सुरात काढली. पिस्टन ओढून काढला तर वर पांढरा थर, डब्यात गोठतं तसंच. खोबरेल तेल २४-२५ डिग्रीच्या खाली गोठतं, थंडीत बाटली शेगडीजवळ धरता ना, मग व्हॉल्व्हमध्ये ते कसं पातळ राहील? मास्तर म्हणाले, "उन्हाळ्यात तर मस्त चालायचं हो." चालणारच.

तेल घालायची पद्धतही महत्त्वाची. खालच्या टोपीच्या भोकातून तेल पिचकारू नका, तळाला बसलेली घाण तेलाबरोबर वर चढते. वरची टोपी फिरवून सोडवा, पिस्टन सरळ अर्धा वर काढा, जाड भागावर चार-पाच थेंब टाका, तसाच खाली सोडा आणि हळू फिरवा, गाइड (पिस्टनच्या बाजूची बारीक खुंटी) खाचेत बसला की 'टिक' असा बारीक आवाज येतो, बोटाला पण कळतं. तो टिक झाला नाही आणि तुम्ही टोपी आवळलीत तर हवा कुठेच जाणार नाही, फुंकून डोळे बाहेर येतील. तसं झालं तर घाबरू नका, एक तर टिक चुकलाय नाहीतर नंबर बदललेत. पिस्टनवर १, २, ३ कोरलेलं असतं, ज्याचं घर त्यालाच. एकाच वाद्याचे तीन पिस्टनसुद्धा एकमेकांच्या घरात बसवायचे नाहीत, दुसऱ्याच्या वाद्यातला काढून घालणं तर सोडूनच द्या.

ज्यांच्याकडे पिस्टनऐवजी फिरणारे रोटरी व्हॉल्व्ह आहेत त्यांनी ते स्वतः उघडू नयेत, मागची टोपी काढून मधल्या दांडीला एक थेंब आणि पुढे लिव्हरच्या सांध्यांना एकेक थेंब, बास.

पावसाळ्याआधी करायची मोठी साफसफाई

एका वेळी एकच पिस्टन काढा. तिन्ही काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि पोरानं येऊन एक उचलला, ही गोष्ट आमच्याकडे दरवर्षी येते. पिस्टन जमिनीवर पडला तर डोळ्याला काही दिसत नाही पण तो गोल राहत नाही, आणि गोल नसलेला पिस्टन गोल केसिंगमध्ये जात नाही, एवढा साधा हिशोब.

कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब. गरम पाणी नको, लॅकर (वाद्यावरचा चकचकीत थर) सुटतं. वरचं फेल्ट (बटणाखालची लोकरी चकती) भिजवू नका. पिस्टनची भोकं मऊ ब्रशने आतून साफ करा, बाहेरून जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा, ज्याचे धागे सुटत नाहीत असा. केसिंगमध्ये तोच कपडा लाकडी काडीला गुंडाळून फिरवा, लोखंडी सळईला नाही. खालच्या टोप्या उघडा, आतला काळा-हिरवा गाळ बघून स्वतःलाच लाज वाटेल, तो धुऊन टाका.

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, पितळेचं पॉलिश यातलं काहीही व्हॉल्व्हच्या आत जाता कामा नये. बाहेरून वाद्य चमकवायची हौस आम्हालाही आहे, पण पॉलिशमध्ये बारीक घासणारी पावडर असते, एकदा पिस्टनला लावलं की फट वाढली, आणि वाढलेली फट कमी करायची म्हणजे पिस्टनवर पुन्हा प्लेटिंग चढवून केसिंगला जुळवत बसायचं, तो खर्च ऐकून मास्तर लोक खुर्चीत बसतात.

स्लाइड (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्या) सगळ्या बाहेर काढून पुसा, ग्रीस लावा, साधं व्हॅसलिनही चालेल. काढताना त्या नंबरचं बटण दाबून धरा, नाहीतर आत ओढ तयार होते. दोन महिन्यांनी अडकलेली स्लाइड ओढताना नळी वाकवणारे फार असतात.

कुठे ठेवायचं, आणि घोड्याजवळ का नाही

हा भाग वाचाच. बऱ्याच बँडवाल्यांकडे वरातीची घोडीही असते आणि वाद्यं तिच्याच शेडमध्ये एका कोपऱ्यात. इंग्रजांच्या फौजेला हाच धडा इथे हिंदुस्थानात मिळाला होता. त्यांच्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप तडकायची, कोणी हात न लावता. पावसाच्या सीझनला तडकतात म्हणून त्याला नावच सीझन क्रॅकिंग पडलं. कारण नीट समजलं ते १९२१ साली: घोड्याच्या मुतातून अमोनिया निघतो, दमट हवेत तो पितळेवर बसतो, आणि ठोकून-ओढून बनवलेल्या पितळात जो ताण राहिलेला असतो तिथे चीर जाते. तुमच्या वाद्याची प्रत्येक वाकवलेली नळी म्हणजे तसंच ताणलेलं पितळ. आमच्याकडे एक सुझाफोन आला होता, कुठेही पोचा नाही, पडलेला नाही, आणि वाकवलेल्या नळीवर केसासारखी चीर. मालकाला विचारलं कुठे ठेवता, तर "घोडीच्या मागे, तिथे चोर येत नाहीत." आम्ही काही तपासणी प्रयोगशाळेत केली नाही, पण आमचा संशय घोडीवरच आहे. संडासच्या भिंतीला लागून, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ, तेही नको. फिनाइल-क्लीनरच्या बाटल्यांमध्येही काहींत अमोनिया असतो, त्या वेगळ्या ठेवा.

मग कुठे? घरात, भिंतीपासून जरा लांब, जमिनीवर नाही तर फळीवर किंवा पलंगावर. वाद्य पूर्ण सुकल्यावरच केसमध्ये घाला. पिस्टनला नेहमीपेक्षा जास्त तेल, खालच्या टोप्या कोरड्या आणि अर्धाच आटा घट्ट, माउथपीस काढून वेगळा. ओल असताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणं म्हणजे आतल्या आत वाफवणं. सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की बदला. चांदीचं प्लेटिंग असेल तर रबरबँड लावून ठेवू नका, जिथे रबर तिथे काळी रेघ. केसच्या आतल्या मखमलीला कसर लागते, महिन्यातून एकदा उन्हं पडली की केस उघडून वारा द्या, आणि तेव्हाच प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. वाजवायला पाहिजे असं नाही, नुसतं दाबा. पूर्ण काळजीतली ही एक गोष्ट केलीत तरी गणपतीला आमच्याकडे धावायची वेळ येणार नाही. (आमचा धंदा कमी होईल, होऊ दे.)

बिघाड घरच्या घरी ओळखायचा असेल तर

बटण न दाबता त्या नंबरची स्लाइड दोन बोटं बाहेर ओढा, दहापर्यंत मोजा, मग बटण दाबा. 'टॉक' असा आवाज आला तर फट ठीक आहे. काहीच आवाज नाही म्हणजे हवा गळतेय, एक तर तेल सुकलंय नाहीतर पिस्टन झिजलाय. आधी तेल घालून पुन्हा बघा.

बटण दाबल्यावर खट् खट् वाजतंय, आणि काही सूर घुसमटल्यासारखे येतात, तर फेल्ट बसलंय. पिस्टन गरजेपेक्षा खाली जातो आणि भोकं समोरासमोर येत नाहीत. इथे चपलेच्या रबराचा तुकडा कापून बसवणारे कलाकार आहेत, दिसतं छान, पण जाडी एक मिलिमीटरने चुकली तरी तोच प्रॉब्लेम उलट्या बाजूने. फेल्ट स्वस्त असतं, दुकानात येऊन घ्या.

पिस्टन हळू वर येतो म्हणून स्प्रिंग ओढून लांब करू नका. ओढलेली स्प्रिंग वाकडी दाबली जाते, पिस्टन एका बाजूला घासतो. हळू येण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा घाण असतं.

आणि पूर्ण जाम झाला तर पकड लावायची नाही. परत सांगतो, पकड नाही. वरून-खालून थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी खालची टोपी काढून अंगठ्याने वर ढकलून बघा. नाही हलला तर तसाच घेऊन या. अडकलेला पिस्टन आम्ही सोडवतो, पकडीने चिरडलेला केसिंग सोडवता येत नाही. केसिंगला बाहेरून पोचा असेल तर तोही ठोकून काढायला जाऊ नका, पोचा बाहेर येतो आणि पिस्टन कायमचा आत जातो.

नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पुसत बसू नका, पितळातला जस्त निघून गेलाय, तिथे लवकरच भोक पडणार. हे बहुतेक माउथपीसजवळच्या नळीला होतं, आणि गुटखा-मावा खाऊन वाजवणाऱ्यांचं आम्ही लांबून ओळखतो. निदान वाजवायच्या आधी चूळ भरा.

आमच्याकडे आणताना

आषाढी एकादशीच्या आधी आणलंत तर निवांत काम होतं, गणपतीच्या तोंडावर आणलंत तर रांग असते आणि चिडचिडही. बटण, टोपी, स्प्रिंग काही निघालं असेल तर ते टाकून देऊ नका, तुटकं असलं तरी पिशवीत घालून आणा, मेरठला बनलेली जुनी वाद्यं असतील तर त्या मापाचे आटे सहज मिळत नाहीत. पिस्टन रुमालात गुंडाळून खिशात आणू नका, वाद्यातच बसवून आणा. आणि कोणतं तेल घालत होता ते खरं सांगा, आम्ही रागावत नाही, फक्त त्याप्रमाणे धुवायचं कशाने ते ठरतं. सोमवारी दुकान बंद.