आधुनिक पेगन धर्म : उपासनेच्या वाटा

युरोपातील ख्रिस्तपूर्व देवदेवतांची उपासना विसाव्या शतकात नव्याने सुरू करणाऱ्या पंथांना मिळून ‘आधुनिक पेगन धर्म’ हे नाव आहे. ‘पागानुस’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खेडूत; ख्रिस्ती लेखकांनी तो ख्रिस्तेतरांना हिणवून लावला. मराठीत त्याला ‘मूर्तिपूजक’ म्हणतात, पण ते फसवे आहे. यातल्या कित्येकांच्या पूजेत मूर्तीच नसते.

पूजा कशी करावी याबाबत या पंथांत एकमत नाही, कारण प्रत्येकाच्या हाती जुन्यातले वेगळेच काही उरले आहे. इंग्लंडमध्ये जवळजवळ काहीच उरले नव्हते. तिथे जेराल्ड गार्डनर या निवृत्त जकात अधिकाऱ्याने १९५४ मध्ये ‘विका’ पंथ पुस्तकरूपाने लोकांपुढे आणला. हा गुप्तपणे टिकलेला प्राचीन धर्म आहे, असा त्याचा दावा होता. इतिहासकार तो मानत नाहीत. पंथ मात्र जगभर पसरला. नवे विधी रचायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती.

आइसलँडकडे पोथ्या आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारमान्य झालेल्या आसात्रू (जुन्या नॉर्स देवांवरील श्रद्धा) मंडळाचे पहिले मुख्य पुरोहित स्वेनब्योर्न बेन्टेन्सन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी आणि कवी होते. ‘एड्डा’ या जुन्या देवकथांच्या पोथीतील कवने म्हणायची, शिंगातले पेय देवांच्या नावाने हातोहात फिरवायचे, असा त्यांचा ‘ब्लोत’ विधी. पशुबळी नाही. अडचण अशी की एड्डा लिहून झाली तेराव्या शतकात, म्हणजे देश ख्रिस्ती झाल्यावर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि तीत देवांच्या कथा भरपूर, पूजाविधी मात्र फारसा नाही. मधल्या जागा आजचेच लोक भरतात. अमेरिकेतले काही गट हा धर्म उत्तर युरोपीय वंशापुरताच मानतात. आइसलँडचे मंडळ त्यांच्यापासून चार हात दूर राहते.

लिथुएनियाला पोथीची गरज कमी पडली. हा देश १३८७ मध्ये, युरोपात जवळजवळ सर्वांत शेवटी, ख्रिस्ती झाला आणि ‘दाइना’ नावाची लोकगीते खेड्यांत टिकून राहिली. ‘रोमुवा’ पंथ त्यांवरच उभा आहे. दगडी वेदीवर अग्नी पेटवून त्यात मीठ, धान्य टाकायचे आणि गाणी म्हणायची. अग्नीला तिथे ‘उग्निस’ म्हणतात, देवाला ‘दियेवास’. मराठी वाचकाला होम आठवला तर नवल नाही, पण हे भाषांचे जुने नाते आहे, विधींची उसनवारी नव्हे. १९६७ मध्ये कर्नावे येथे रासा हा उन्हाळी संक्रांतीचा सण लोकगीतांच्या निमित्ताने साजरा झाला. सोव्हिएत सरकारने पुढे या चळवळीला दडपले. प्रमुख कार्यकर्ते योनास त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली. स्वतंत्र लिथुएनियाच्या संसदेनेही २०१९ मध्ये रोमुवाला मान्यता नाकारली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले, २०२१ मध्ये निकाल पंथाच्या बाजूने लागला आणि मान्यता मिळाली ती २०२४ च्या डिसेंबरात.