कार्बाइडचा आंबा आणि इथिलीनचा आंबा, दोन्ही एकाच माळेचे मणी?

एप्रिल लागला की वाशी-नेरूळपासून ठाण्यापर्यंत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तोच मेसेज, "आंबे घेऊ नका, सगळे केमिकलने पिकवलेत". अहो पण कुठलं केमिकल, किती, आणि जातंय कोणाच्या अंगात?

इथिलीन म्हणजे फळ पिकवणारा वायू, तो तर आंबा स्वतःच सोडतो. आजी पेंढ्यात अढी घालायची तेव्हा पेंढा तोच वायू आणि ऊब धरून ठेवायचा, बाकी काही जादू नव्हती. रायपनिंग चेंबरमध्ये हेच इथिलीन बाहेरून सोडतात, एफएसएसएआयची (देशाची अन्नसुरक्षा यंत्रणा) मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. आता इथिलीन पेट घेतं हे खरंय, पण त्याला हवेत साधारण 2.7 टक्के लागतं, म्हणजे 27,000 पीपीएम, कुठे शंभर नि कुठे सत्तावीस हजार! आणि पिकवून झालं की वायू उडून जातो.

कार्बाइडचं तसं नाही. हे गॅस वेल्डिंगवाल्यांकडचे करडे खडे, कागदाच्या पुडीत बांधून पेटीत ठेवले की फळांच्या ओलाव्याने त्यातून अ‍ॅसिटिलीन सुटतं आणि ते इथिलीनसारखं काम करतं, साल मस्त पिवळी, आत मात्र बऱ्याचदा आंबट ढाण. खरी भानगड अ‍ॅसिटिलीनची नाहीच, कारखान्याच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक नि फॉस्फरसचा अंश असतो, तो त्या वायूबरोबर बाहेर पडतो (तो लसणासारखा वास येतो ना, तो त्याचाच). म्हणून 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत याने फळं पिकवायला बंदी आहे.

मग असा एक आंबा खाल्ला तर लगेच हॉस्पिटल? सहसा नाही. पदार्थ घातक असणं वेगळं आणि तुम्हाला त्याचा धोका किती हे वेगळं, ते ठरतं किती आणि किती दिवस अंगात गेलं त्यावर. त्या हिशोबाने सगळ्यात जास्त धोका बंद गोडाऊनमध्ये खडे फोडून पुड्या बांधणाऱ्या पोराला, त्याच्याबद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही. पण म्हणून "थोडंसं चालतं" पण नाही हां, आर्सेनिकने कॅन्सर होतो, आणि आठवड्याला इतकं चालेल असा जो आकडा होता तो जेईसीएफए या आंतरराष्ट्रीय समितीने 2010 ला मागे घेतला.

बाकी ती पाण्यात तरंगवायची टेस्ट सोडून द्या, तरंगला म्हणजे बहुतेक कोवळा उतरवलाय, कार्बाइड लावलं की नाही ते त्यातून कळत नाही. आंबे नीट धुवायचे, साल चोखत बसायचं नाही. आणि विक्रेता "इथिलीनवाला आहे" म्हणाला तर चेंबरमधला की इथेफॉनच्या (ज्यातून इथिलीन सुटतं ते रसायन) पाण्यात बुडवलेला एवढं विचारा, कारण इथेफॉनपासून वायू तयार करून वापरला तर चालतो, फळ त्यात बुडवायला परवानगी नाही.