यजमानिणीची पूर्वतयारी (घरगुती विक्री-पार्टी)

एखादीने ओळखीच्या बायकांना घरी बोलवायचे आणि विक्रेतीने तिथे कंपनीचा माल दाखवून ऑर्डरी घ्यायच्या, ही थेट विक्रीतील 'होम पार्टी'ची पद्धत. तारीख ठरल्यापासून ऑर्डर बंद होईपर्यंत विक्रेती यजमानिणीकडून जी कामे करून घेते, त्यांना धंद्यात 'होस्ट कोचिंग' म्हणतात. पार्टी पडते ती बहुधा माल दाखवण्यात नव्हे, या तयारीत.

अमेरिकेत स्टॅनली होम प्रॉडक्ट्स (स्थापना १९३१) या कंपनीने ही पद्धत रुळवली. प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या टपरवेअरने ती जगभर नेली. त्या डब्याचे झाकण मध्यभागी दाबून, कड किंचित उचलून आतली हवा काढावी लागे. दुकानात हे दाखवणारे कोणी नसल्याने डबे पडून राहत. स्टॅनलीतच विक्री शिकलेल्या ब्राउनी वाइझ यांनी दिवाणखान्यात ते करून दाखवले आणि १९५१ मध्ये टपरवेअरने दुकानांतून माल काढून घेऊन सगळी भिस्त पार्ट्यांवर ठेवली.

तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची घेतात. त्याहून लांबची घेतली की उत्साह ओसरतो, घरात काहीतरी निघते आणि 'पुढच्या महिन्यात बघू' असा फोन येतो. पहिली बैठक एक-दोन दिवसांतच होते आणि तिथे यादी होते. 'कोणाकोणाला बोलावणार?' असे मोघम विचारले तर गाडी सात-आठ नावांवर अडते. म्हणून नातेवाईक, शेजार, ऑफिस, मुलांच्या शाळेतल्या आया असे एकेक वर्तुळ घेऊन विचारतात. बोलावलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा येतो, हा ठोकताळा. दहा जणी हव्यात तर तीस नावे लागतात.

ग्रुपवरच्या मेसेजला अंगठे खूप येतात, माणसे येत नाहीत. प्रत्येकीला वेगळा फोन, आदल्या दिवशी पुन्हा आठवण. विक्री आहे हे बोलावतानाच सांगावे. 'चहाला या' म्हणून आणलेल्या पाहुणीला फसवल्यासारखे वाटते आणि ती पुढच्या वेळी येत नाही. जिला जमणार नाही तिच्याकडे कॅटलॉग आधीच द्यावा. पार्टीपूर्वी आलेल्या दोन-चार ऑर्डरी पावसाने उपस्थिती घटली तर कामी येतात.

यजमानिणीची भेटवस्तू सहसा एकूण विक्रीवर आणि तिथून ठरलेल्या पुढच्या पार्ट्यांवर मिळते. टक्केवारी समजावण्यापेक्षा तिला हवी ती वस्तू निवडायला लावून, तेवढ्यासाठी किती विक्री लागेल ते कागदावर मांडून द्यावे.

खाण्याबाबत मात्र यजमानिणीला आवरावे लागते. चहा आणि एखादा कोरडा पदार्थ पुरे. पाच पदार्थ केले की ती स्वतः ओट्याशी अडकते, आणि पाहुण्या मनात म्हणतात, 'एवढे आपल्याच्याने होणार नाही'. पुढची पार्टी घ्यायला कोणी तयार होत नाही. खुर्च्याही आधी कमीच मांडाव्यात, लागतील तशा आणाव्यात. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पार्टी पडल्यासारखी वाटते.

ऑर्डर दोन-तीन दिवसांत बंद करावी. उधारी वाढली की वसुली यजमानिणीच्या गळ्यात पडते आणि नाती बिघडतात. माल आल्यावर प्रत्येकीच्या नावाची पिशवी बांधून द्यावी, म्हणजे वाटपात घोळ होत नाही.

टपरवेअर १९९६ मध्ये भारतात आले. येथे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत: विक्रेतीजवळ ओळखपत्र हवे, पूर्वसंमतीशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही.

महाराष्ट्रात भिशी आणि हळदीकुंकू हे आयते मेळावे वाटतात, पण दोन्ही फसवे आहेत. भिशीत महिनोन्‌महिने तेच चेहरे असल्याने गिऱ्हाईक लवकर संपते. हळदीकुंकवाला बायका येतात, वाण घेतात आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी जातात. माल करून दाखवायला एकत्र अशा कोणी बसतच नाहीत. त्या दिवशी फक्त आमंत्रण द्यावे, मांडामांड वेगळ्या दुपारी करावी.