केंद्र (जिल्हा परिषद शाळांचे)

केंद्र म्हणजे महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा सर्वांत लहान प्रशासकीय गट. जवळपासच्या साधारण दहा शाळा एका केंद्रात येतात. त्यांतली सोयीच्या गावची शाळा ‘केंद्रशाळा’ ठरते आणि केंद्र तिच्याच नावाने ओळखले जाते. केंद्रावर केंद्रप्रमुख, काही केंद्रांच्या बीटवर विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी अशी ही उतरंड आहे.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शेजारच्या शाळांनी साधने आणि शिक्षक वाटून घ्यावेत, ही शाळा-संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (1964–66) मांडली होती. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांची 4,860 पदे 1994 मध्ये निर्माण झाली. केंद्राला मात्र स्वतःची इमारत नाही की तिजोरी नाही. केंद्रशाळेतली एखादी खोली आणि एक कपाट, एवढाच त्याचा संसार. बाकीचे केंद्र केंद्रप्रमुखाच्या मोटारसायकलवर फिरते.

केंद्रात सगळे काही ‘पटा’वर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर ठरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार (2009) पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे चौथीपर्यंतच्या वस्तीवरच्या शाळेत दोन गुरुजी चार वर्ग सांभाळतात. एका भिंतीवर पहिलीची मुळाक्षरे, समोरच्या फळ्यावर चौथीचे भागाकार. एका वर्गाला गणिते घालून द्यायची आणि दुसऱ्याकडे वळायचे. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. एक गुरुजी रजेवर किंवा बैठकीला गेले की चारही वर्ग एका खोलीत बसतात.

याच कायद्याने प्रत्येक शाळेला मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण असावे असे ठरवले आहे. कागदावरची ‘सुविधा उपलब्ध’ आणि प्रत्यक्ष नळाला येणारे पाणी यांत अंतर असू शकते, हे केंद्रात काम केलेल्या कोणालाही माहीत असते. किरकोळ खर्चाला ‘सादिल’ रक्कम असते, पण भिंती रंगवणे किंवा टीव्ही घेणे अशा गोष्टींना पुष्कळदा लोकवर्गणीच कामी येते. पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज प्रत्येकी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो.

शिष्यवृत्ती परीक्षा हा शाळेच्या नावलौकिकाचा जुना मापदंड. गावात ‘यंदा किती लागले?’ असे विचारले, की ते शिष्यवृत्तीबद्दलच असते. 2017 मध्ये ही परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली, तेव्हा चौथीवरच संपणाऱ्या शाळांच्या हातून हा मान निसटला होता. शिक्षकांसाठी केंद्रातल्या शाळांत आळीपाळीने शिक्षण परिषद भरते. तिथे नव्या परिपत्रकांचे वाचन पुष्कळ होते. पण एखाद्या बाईंनी चिंचोके आणि काड्यांच्या जुड्या मांडून हातच्याची वजाबाकी दाखवली, तर वह्या खरोखर उघडतात.

केंद्र सर्वांत ठळक दिसते ते क्रीडा स्पर्धांत. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लांब उडी यांच्या फेऱ्या होतात. पुणे जिल्हा परिषदेत याला यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सव म्हणतात. सकाळी गुरुजीच दोरी ताणून मैदानावर फक्की मारतात, मुले टेम्पोतून उतरतात आणि बरीचशी अनवाणीच खेळतात. कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच. तेव्हा शिट्टीही वर्गशिक्षकांच्याच गळ्यात.

इथेही पट आडवा येतो. कबड्डीला मैदानात सात खेळाडू लागतात, खो-खोला नऊ. शाळेत सगळी मिळून दहा मुले आणि त्यांतली चार पहिलीची असतील, तर मुलामुलींचा एकत्र संघही उभा राहत नाही. अशा शाळेची मुले धावण्यात आणि लांब उडीत नाव देतात आणि उरलेला दिवस दुसऱ्यांचे सामने पाहतात.

वीसपर्यंत पट असलेल्या शाळा राज्यात 14 हजारांहून अधिक असल्याचे 2023 मध्ये समोर आले. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांचे उदाहरण पुढे ठेवून ‘समूह शाळां’चे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. मोठ्या शाळेत खो-खोचा संघ सहज होईल, हे खरे. पण पहिलीच्या मुलासाठी कायद्याने शाळेचे अंतर एक किलोमीटर ठरवले आहे, आणि डोंगराळ भागात पावसाळ्यात ओढा भरला की गाडी वाडीपर्यंत पोचत नाही, ही पालकांची हरकत आहे.